मॅडम, त्या जिन्याखालच्या खोलीसाठी खूप खूप थँक्यू

नमस्कार मॅडम, व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेला इमोजी टाकून हे भागणारं नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय म्हणजे बाकीच्या पालकांनाही कळेल.

सेन्सरी रूम, म्हणजे गोंगाट-उजेड झेपत नाही अशा मुलांना शांत व्हायला केलेली खोली, म्हटलं की लोकांना रंगीत दिवे, बबल ट्यूब (पाण्यात बुडबुडे सोडणारी उभी नळी) आणि भलंमोठं बिल दिसतं. नेदरलँड्समध्ये 1970च्या दशकात अशा खोल्या सुरू झाल्या हे तुम्हीच पालकसभेत सांगितलंत, पण तुम्ही काय केलंत तर अडगळीची खोली मागून घेतलीत, फडफडणारी ट्यूबलाइट काढायला लावलीत, हुकाला कापडी झोका टांगलात, जुनी मॅट, तांदूळ भरून शिवलेली जड उशी, कानाला लावायचे हेडफोन, बस. बबल ट्यूब नाही तेच बरंय, तिच्या मोटरची घरघर आमच्या लेकीला झेपली नसती, घरी मिक्सर लावला तरी कान दाबून बसते ती.

पण थँक्यू सामानासाठी नाहीये. ही खोली बक्षीसही नाही आणि शिक्षाही नाही, हे तुम्ही लावून धरलंत. 'आधी गणितं कर, मग झोका' असं कोणी म्हटलं की तुम्ही तिथल्या तिथे अडवायचात. आणि पोर रडून कोसळल्यावर नाही, त्याच्या आधी न्यायचं. मधल्या सुट्टीच्या गोंगाटानंतर आमची लेक बाही चावायला लागते, आता खोलीत जायचंय हे सांगायला स्वतःच निळं कार्ड दाखवते, मग थोडा वेळ झोका, मांडीवर उशी, दोन्ही हातांनी भिंत जोर लावून ढकलायची आणि परत वर्गात. परत वर्गात, हे महत्त्वाचं!! कारण आधीच्या शाळेत 'शांत खोली' म्हणजे नकोशा मुलांना दिवसभर बसवून ठेवायची जागा होती. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, सगळ्यांसोबत एकाच वर्गात शिकायचं समावेशक शिक्षणही त्या कायद्यात आहे, पण ते वर्गातल्या बाकापर्यंत तुम्ही आणलंत.

सगळं सुरळीत झालंय असं नाही हां, गॅदरिंगच्या डीजेपुढे झोका काय करणार, त्या दिवशी आम्ही घरीच आलो.

आणि हो, झोक्याचं कापड विरलंय असं मावशी म्हणाल्या. माझ्याकडे जाड कॅनव्हास आहे, दुहेरी शिवून सोमवारी पाठवते, नाही म्हणू नका. हुक मात्र मिस्त्रीकडून एकदा तपासून घ्या, आता मोठी पोरंही बसतात त्यात.