भाचीचा लेहंगा आणि सात किलोंचं गणित

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

टपाल खात्यात एकतीस वर्षं पार्सलं हाताळली. त्यामुळे नाजूक वस्तू गावोगाव कशी न्यावी हे मला कुणी शिकवायला नको, असा माझा समज होता. भाचीच्या लग्नात तो उतरला.

लग्न गोव्यात, मोरजीला. आमच्या वेळी डेस्टिनेशन म्हणजे टिळक रस्त्यावरचं कार्यालय, आणि नवरीचा शालू पिशवीत घालून रिक्षाने जायचा. असो. आमच्याकडे नवरीची अष्टपुत्री, म्हणजे लग्नविधीची पिवळी साडी, मामाने आणायची असते. ती आणलीच आहेस तर सगळ्याच कपड्यांचं खातं तू सांभाळ, असं ताईने फर्मावलं.

अष्टपुत्री आणि शालूचं काही अडलं नाही. जरतार घडीवर मोडते, डांबराच्या गोळ्यांनी काळी पडते, हे ताईला पाठ. तिने शालूची सैल गुंडाळी केली, माझं जुनं मऊ धोतर भोवती लपेटलं आणि सगळं माझ्या खांद्यावरच्या बॅगेत बसवलं. मुंडावळ्या शर्टाच्या खिशात.

घोळ झाला तो स्वागत समारंभाच्या लेहंग्याचा. लक्ष्मी रस्त्यावरून घेतलेला, आत कॅनकॅनचे, म्हणजे घेर फुगवणाऱ्या कडक जाळीचे थर, घेर असा की जमिनीवर ठेवला तर स्वतःच उभा राहतो. रद्दीवाल्याच्या काट्यावर भरला सहा किलो आठशे. विमानात हातातलं सामान सात किलो चालतं, म्हणून मी निर्धास्त. पण वजनाबरोबर मापही असतं: ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटर. लेहंग्याचं कव्हर माझ्या खांद्याएवढं उंच. शिवाय हातात बॅग एकच, आणि ती शालूने अडवलेली. कंपनीला दोनदा फोन केला. पहिल्या मुलीने सांगितलं, ‘चालेल’. दुसरीने सांगितलं, ‘काउंटरवर विचारा’. लोहगावला काउंटरवर उत्तर आलं, ‘काका, नाही चालणार.’ मागे रांग, ताईचा चेहरा रडवेला. तिथेच फरशीवर बसून लेहंगा एका रिकाम्या केलेल्या सुटकेसमध्ये कोंबला. अक्षरशः गुडघा देऊन.

(ओटीचा नारळही पुढे तपासणीत काढून ठेवावा लागला. हातातल्या सामानात नारळ चालत नाही. २०२४ साली शबरीमलेच्या यात्रेकरूंना मुदतीपुरती सूट दिली होती, नवरीच्या मामाला कोण देणार?)

गोव्यात मोपाच्या विमानतळावर पट्ट्यावर सुटकेस आली ती चेन उसवलेली. लेहंग्याचा काठ बाहेर लोंबत होता आणि त्यावर वीतभर काळ्या ग्रीसचा पट्टा. म्हापशाच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याने लाज राखली. ‘रावात मात्शें,’ म्हणजे जरा थांबा, म्हणाला. डागावर टाल्कम पावडर थापली, तासभर तशीच ठेवली, मऊ ब्रशने झटकली. मग खाली-वर टीपकागद ठेवून कोमट इस्त्री नुसती टेकवली, फिरवली नाही. असं चारदा. टीपकागद काळा होत गेला आणि काठ गुलाबी. राहिलेली सावली त्याने घेराच्या चुणीत दडवली. पैसे किती? दीडशे.

विमान कंपनीने मात्र हात वर केले: नाजूक वस्तूची जबाबदारी आमची नाही. शेवटी दोन हजारांचं कूपन देऊ केलं, तेही त्यांच्याच पुढच्या तिकिटासाठी.

मग मी नियम वाचून काढले. निवृत्त माणसाला वेळ असतो. देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं, बिघडलं तर भरपाईची कमाल मर्यादा माणशी २०,००० रुपये. लेहंगा पंचाऐंशी हजारांचा. पण सामान सोपवतानाच त्याची विशेष किंमत जाहीर करून, लागेल तो जादा आकार भरला, तर ही मर्यादा लागू होत नाही. आमच्या विमा पार्सलासारखंच हे: किंमत आधी लिहायची, लाखेचं सील करायचं, मग पार्सल खात्याच्या जिवावर. नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते. ती मी विमानतळावरच केली होती, एवढं एक शहाणपण. परतताना मोपाच्या काउंटरवर किंमत जाहीर करायचा फॉर्म मागितला, तर तिथल्या मुलीने असं काही पहिल्यांदाच ऐकलं होतं.

माझं मागणं दोन ठिकाणी आहे. विमान कंपन्यांनी हा फॉर्म काउंटरवर ठेवावा, आणि लग्नाचा पोशाख कसा न्यायचा याचं एकच उत्तर फोनवर आणि काउंटरवर मिळावं. दुसरं लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानदारांना. गिऱ्हाईक गोव्याला, उदयपूरला लग्न आहे म्हणून सांगतं, तेव्हा तुम्ही डिझाइनं काढून दाखवता. मग बिलावर कॅनकॅनसकट वजन आणि घडी घातल्यावरचं मापही लिहा. कॅनकॅन सुटा करून देता येतो, हे मला त्या म्हापशाच्या शिंप्याने सांगितलं. पंचाऐंशी हजार घेणाऱ्याने नाही.

धाकट्या भाचीचं लग्न माघात आहे. तेही गोव्यातच. मी गोवा एक्स्प्रेसचं पुणे ते वास्को तिकीट काढलंय: दोन बर्थ, एक माझा, एक लेहंग्याचा. खालचा त्याला.

आपला,
एक मामा, सदाशिव पेठ, पुणे