पुलाखालून दिसणारा फुजी

प्रिय मुकुंदा,

सप्रेम नमस्कार. लाकडी ठशांनी चित्रं छापणाऱ्या जपानी होकुसाईचं पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे दूर-जवळ दाखवण्याची रीत, चुकलंय, असं तू ठोकून दिलंस! आधी फूटपट्टी घे. त्याच्या ‘एदोतील निहोनबाशी’ या चित्रात (एदो म्हणजे जुनं टोकियो, निहोनबाशी हा तिथला पूल) कालव्याच्या दोन्ही काठांवर गोदामं आहेत. त्यांच्या छपरांच्या आणि पायथ्याच्या रेषा आत वाढवत ने. त्या किल्ल्याकडे जवळ येत जातात. फुजी पर्वत मात्र तिथे नाही, तो डावीकडे वर, स्वतःच्या जागी. आणि ज्याच्या नावाचं चित्र, तो पूल? तळाशी नुसती गर्दी आणि कठड्याच्या खांबाचा कळस.

हे नकळत झालेलं नाही. 1740 च्या सुमारास ओकुमुरा मासानोबूने ‘उकि-ए’, म्हणजे दूर-जवळचा भास देणाऱ्या चित्रांत, नाट्यगृहांच्या आतली दृश्यं अशाच जवळ येत जाणाऱ्या रेषांनी काढली. तिथे सोपं होतं, तुळया सरळ आणि जमीन सपाट. पुढे उतागावा तोयोहारूने बाहेरच्या दृश्यांवर हात बसवला. व्हेनिसच्या कालव्याचं युरोपी चित्र उतरवून त्याने ते चक्क डच बंदर म्हणून खपवलं!

एदोचा लाकडी पूल मात्र फूटपट्टीला दाद देत नाही. खालून होड्या जाव्यात म्हणून तो मधोमध उंच असतो. त्यातून बाजूने पाहिला तर त्याच्या लांबीच्या रेषा मागे धावतच नाहीत. म्हणून ‘फुकागावातील मान्नेन पूल’मध्ये होकुसाईने दूर-जवळचा भास देण्याचं काम काठांवरच्या घरांवर सोपवलं आणि पुलाची चौकट करून तिच्याखालून फुजी दाखवला. मला तर हा निव्वळ चावटपणा वाटतो, पण अव्वल दर्जाचा.

हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराचा 1857 चा शिन-ओहाशी पुलावरचा पाऊस बघताना लाकडी ठशाचा विचार कर. पावसाची रेघ ही खोदलेली खाच नव्हे. दोन्ही बाजूंचं चेरीचं लाकूड काढून टाकल्यावर उरलेली केसाएवढी कड म्हणजे ती रेघ. हात घसरला की तुटते, आणि छापून छापून झिजते. शिवाय कागद ओलसर असतो. तो ताणला गेला किंवा ‘केन्तो’ला, म्हणजे कागद जुळवायच्या ठशावरच्या खुणेला, नीट टेकला नाही, तर रंग बाह्यरेषेबाहेर सरकतो. वरचा काळा ढग ठशावर रंग पुसत विरळ करून छापतात, म्हणून दोन प्रतींतला ढग सारखा नसतो. एकाच प्रतीवरून मत बनवू नकोस.

व्हॅन गॉगने 1887 मध्ये याचीच तैलरंगात नक्कल केली. दोन्ही शेजारी ठेवून फक्त पाऊस बघ, आणि कळव.

तुझा,
श्रीधर