शनिवारची सकाळची फेरी: स्कॉट्सडेल (ॲरिझोना), गेटवे ट्रेलहेड

मंडळी, येत्या शनिवारी सकाळी ७ वाजता मॅकडॉवेल सोनोरन प्रिझर्व्ह या वाळवंटी संरक्षित क्षेत्राच्या गेटवे ट्रेलहेडवर (जिथून पायवाटा सुरू होतात) जमायचे आहे. प्रवेश विनामूल्य आहे. पार्किंग लवकर भरते, त्यामुळे शक्यतो एका गाडीतून दोन कुटुंबांनी यावे.

आपण बजाडा नेचर ट्रेल चालणार आहोत. जेमतेम अर्ध्या मैलाची सपाट वाट, स्ट्रोलर आणि व्हीलचेअरही जाते. भारतातून आलेल्या आई-बाबांना जरूर आणा. वाटेवरचे माहितीफलक वाचत सावकाश चालू. सग्वारो निवडुंगाला पहिली फांदी फुटायला साधारण ५० ते ७५ वर्षे लागतात, हे मुलांना तिथेच दाखवता येईल. ज्यांना आणखी चालायचे आहे त्यांच्यासाठी साडेचार मैलांचा गेटवे लूप आहे, पण त्यात चढ आहे.

• ऑक्टोबर असला तरी ऊन कडक असते. पाणी प्रत्येकाने स्वतःचे आणावे, टोपी घालावी.
• चप्पल नको, बंद बूटच.
• जवळ एक कंगवा ठेवा. चोया निवडुंगाचा काटेरी गोळा अंगाला चिकटला तर हाताने ओढू नका, कंगव्याने उडवा.
• वाट सोडू नये. रॅटलस्नेक (विषारी साप) दिसल्यास लांबूनच मागे फिरावे.
• कुत्रा आणल्यास पट्टा बांधलेलाच हवा.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत ग्रुपवर माणसांची संख्या कळवावी.