आकडा चौकटीत, भिंती कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाच्या स्मृतिदिनानिमित्त आपण काल पानभर मजकूर दिलात, त्याबद्दल आभार. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. पण लेख वाचल्यापासून मनस्ताप होतो आहे, तो कळवल्याशिवाय राहवत नाही.

‘६.२ रिश्टरच्या भूकंपाने दहा हजार बळी घेतले’ हे आपण चौकटीत, ठळक अक्षरांत छापलंत. त्याच पानावर कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही दिला आहे, ६.३ चा. म्हणजे किल्लारीपेक्षा कमी नाहीच. तिथे माणसं दगावली पावणेदोनशेच्या आसपास. कोयनेच्या खोऱ्यात वस्ती विरळ, हे मान्य. तरीही एवढी तफावत का, हा प्रश्न लेख लिहिणाऱ्याला पडू नये? पुढे भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकतो, हिमालयाशी रेटारेटी होते, तो ताण आपल्या पठाराखालच्या जुन्या भेगांत साठतो, हे सगळं दोन रकाने भरून सांगितलं आहे. ते बरोबरच आहे. घरांबद्दल मात्र एक ओळ नाही.

माझ्या चुलत्यांचं घर सास्तूरजवळच्या गावात होतं. दगडी वाडा, वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत. भिंती अडीच-तीन हात रुंद, आणि त्याचा त्यांना अभिमान. ती भिंत आतून कशी होती, हे ती पडल्यावर दिसलं. बाहेरून घडीव दगडाचा एक थर, आतून दुसरा, आणि मधल्या पोकळीत चिखल न् कपच्या भरलेल्या. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड एकही नाही. जमीन हलली तशी भिंत मधोमध उकलली. बाहेरचा थर गल्लीत गेला आणि आतला झोपलेल्या माणसांवर. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून माळवदावर पांढरी माती चढवायची, अशी वर्षानुवर्षांची माती होती. तीही कडेने खाली आली. चुलते, चुलती आणि धाकटा भाऊ त्याखाली गेले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून सगळे उशिरा झोपलेले, आणि भूकंप पहाटे चारला थोडा वेळ असताना झाला. मधल्या खणाचे सागवानी खांब, तुळया जागच्या जागी उभ्या होत्या. वाड्यामागे सालगड्याचं छप्पर होतं, तुराट्यांचा कूड, वर पाचट. ते जसंच्या तसं. त्यांच्या घरातली सगळी माणसं जिवंत होती, आणि त्यांनीच आमची माती उपसली.

ही माणसं रिश्टरने मारली असं मी कसं म्हणू? केंद्र जमिनीत फार खोल नव्हतं, म्हणून हिसका जबर बसला, हे खरं. पण यंत्रावरचा आकडा भूकंप किती मोठा एवढंच सांगतो. तो अख्ख्या भूकंपाला एकच असतो. किल्लारीत काय झालं आणि सोलापुरात काय, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी गावोगावची पडझड पाहून वेगळी मोजणी करतात, रोमन अंकांत, एक ते बारा. तिचा लेखात उल्लेखही नाही.

आलेखाचंही तेच. किल्लारी ६.२, भूज ७.७, आणि शेजारी शेजारी दोन जवळपास सारख्या उंचीच्या पट्ट्या. एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. त्या हिशेबाने भूजची ऊर्जा किल्लारीच्या पावणेदोनशे पटींच्या घरात जाते. शाळेतली मुलं हे पान कापून वहीत चिकटवतात, संपादक महोदय. त्यांनी यातून काय शिकायचं?

१९९३ च्या सरकारी भूकंपधोक्याच्या नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याचा होता. १९९२ मध्ये किल्लारीत धक्के बसत होते तेव्हाही कोणी भिंतींकडे पाहिलं नाही. नकाशा २००२ मध्ये बदलला, लातूर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात गेलं. पण पुनर्वसनातल्या घराला लागून आजही जुन्या वाड्याचेच दगड आणून चिखलात खोल्या बांधलेल्या मला दिसतात. पुढच्या वर्षी लेख छापाल तेव्हा अर्धं पान त्याला द्या. आरपार दगड कुठे बसवायचे, दारं-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना काँक्रीटचा पट्टा कसा फिरवायचा, माळवदावरची माती किती उतरवायची, हे चित्रासह छापा. गवंड्याला वाचता येईल अशा मराठीत.

आणखी एक. चितांचं ते छायाचित्र दरवर्षी छापता. त्यात उभी असलेली माणसं आमच्या ओळखीची आहेत, त्यातली काही अजून हयात आहेत. त्यांना कोणी कधी विचारलेलं नाही. कृपया ते आता थांबवा.

आपला,
एक वाचक, उमरगा