नायगावच्या खानावळवाल्या मावशींना

मावशी, साष्टांग नमस्कार.

तुमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करायची आहे आणि पुढच्या महिन्यात तुम्ही संक्रमण शिबिरात जाणार, हे कळल्यावर ठरवलं की तुम्ही सामानाच्या गडबडीत अडकण्याआधी हे लिहायचंच. तोंडावर आभार मानले असते तर 'भाकरी गार होतेय' म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेल.

मी लातूर एक्सप्रेसने दादरला उतरले तेव्हा माझ्याकडे विक्रोळीतल्या लॅबचं नेमणूकपत्र होतं, एक बॅग होती आणि तुमच्या खानावळीचा पत्ता होता. राहायची सोय नव्हती. दलाल दलाली वेगळी, डिपॉझिट वेगळं आणि करार अकरा महिन्यांचाच म्हणत होते. पहिला पगार हातात नसलेल्या मुलीने ते कुठून आणायचं? तुम्ही मी कुठली, कोणाची, हे विचारण्याआधी ताट वाढलंत. 'आधी जेव. रडायचं ते नंतर बघू.' आणि रात्री तुमच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत, मसाल्याच्या डब्यांच्या बाजूला, माझं अंथरूण पडलं. हॉस्टेलमध्ये जागा मिळेपर्यंत ते तिथेच होतं. भाड्याचं नाव काढलं की तुम्ही म्हणायचात, लसूण सोल.

मुंबईत नवीन आलेल्याला आधी समुद्र दिसतो म्हणतात. मला नळ दिसला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आमच्या लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. मी तेव्हा शाळेत होते. घागर भरल्याशिवाय अभ्यासाला बसायचं नाही, हा आमच्या घरचा नियम होता. त्यामुळे तुमच्या मजल्यावर पहाटे पाणी आलं आणि कोणाचं पिंप भरून वाहायला लागलं की माझ्या पोटात गलबलायचं. मी धावत जाऊन तोटी बंद करायचे आणि शेजारणी हसायच्या. तुम्ही हसला नाहीत. कसाऱ्याहून भाजी घेऊन येणाऱ्या ताईंसमोर मला बसवलंत. भातसा, तानसा, वैतरणा ही मुंबईला पाजणारी धरणं त्यांच्याच भागातली, आणि उन्हाळ्यात तिथल्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघायची वेळ येते, हे त्या दिवशी मला कळलं. या शहराविषयी मी इतकं काही ऐकून आले होते, पण त्याचं पाणी कोणाच्या अंगणातून येतं ते कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तुमच्या खोलीत भांडी विसळलेलं पाणी जिन्यातल्या तुळशीला जातं. हे तुम्ही माझ्यासाठी सुरू केलंत, मला ठाऊक आहे.

लोकल तुम्हीच शिकवलीत. 'सकाळची गर्दी सीएसएमटीकडे जाते, तुझी गाडी उलटी. घाबरायचं कारण नाही.' 'विक्रोळीला स्लो. इंडिकेटरवर एस आहे की एफ ते बघूनच चढ.' 'दारात उभी राहशील तर उतरणाऱ्या बायका ओढून नेतील, आत सरक.' दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांचे नंबर डिसेंबर २०२३ मध्ये बदलले, ते आता आठपासून सुरू होतात. तुम्ही मात्र जुना नंबर सांगून वर नवाही सांगता, म्हणजे जुन्या माणसाला विचारलं तरी मी चुकू नये. इतका पुढचा विचार माझ्यासाठी त्या गर्दीत आणखी कोण करणार होतं?

आणि तो पावसाचा दिवस. दादरजवळ हिंदमाताला पाणी भरलं होतं, गाड्या ठप्प. तुमचा फोन आला, 'लॅबमध्येच थांब. रुळांवरून चालत निघायचं नाही.' मग तुम्ही २६ जुलै २००५ ची रात्र सांगितलीत. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. आमच्या मराठवाड्यात अख्ख्या वर्षाची सरासरी त्याहून कमी आहे, त्यामुळे मला तो आकडा पाऊस म्हणून समजतच नव्हता. त्या रात्री तुमचे यजमान पहाटेपर्यंत घरी पोचले नव्हते, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा समजला. मी थांबले.

तुमच्या कामाची गोष्ट मला तुमच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळली, भाकऱ्या थापता थापता. सासूबाई गिरणी कामगारांचे डबे करायच्या. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवलं ते प्रेमा पुरव यांनी १९७५ साली खानावळवाल्या बायकांसाठी उभ्या केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने, बँकेचं कर्ज मिळवून देऊन. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. यजमानांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडलीच नाही, आणि जेवणाऱ्यांकडे पैसे नव्हते. तरी सासूबाईंनी चूल बंद केली नाही, वहीत उधारी लिहीत राहिल्या. ती वही तुम्ही मला दाखवलीत. बरीच नावं वसुलीशिवाय तशीच आहेत. तुम्ही त्यांना बुडवे म्हणत नाही, 'गावाला गेले' म्हणता.

मला हे फार मोठं वाटतं. मुंबई माणसाला विचारत नाही असं आमच्याकडे सांगतात. माझा अनुभव तसा नाही. इथे माझ्याआधी आलेल्या माणसानेच मला वाट दाखवली. तुम्ही चिपळूणहून लग्न होऊन आलात तेव्हा सासूबाईंनी तुम्हाला दादरचा पूल ओलांडायला शिकवला, तुम्ही मला. आणि तांदळाच्या भाकरीच्या घरात माझ्यासाठी ज्वारीचं पीठ आणून ठेवलंत, पहिली भाकरी फाटली तरी दुसरी थापलीत. त्याबद्दल वेगळे आभार.

आता थोडं कामाचं. नवीन घर ५०० चौरस फुटांचं मिळणार म्हणून तुमच्या मजल्यावर आनंद आहे. मलाही आहे, पहाटे रांगेत उभं राहणारे तुमचे गुडघे मी पाहिलेत. पण मधली वर्षं शिबिरात काढायची, आणि नेहमीची जेवणारी मुलं लांब पडणार, ही तुमची काळजी रास्त आहे. आमच्या लॅबमधल्या सहाजणींना डबा हवाय, मी बोलून ठेवलंय. केईएम रुग्णालयात शिकणाऱ्या दोघी माझ्या हॉस्टेलला आहेत, त्याही तयार आहेत. पोचवायला माणूस मिळेपर्यंत शनिवार-रविवार मी आहे. पिंपं आणि मोठी पातेली हलवायची असतील त्या दिवशी सुट्टी टाकते, तारीख आदल्या आठवड्यात कळवा.

तुमची,
लातूरवाली