दोन महिन्यांत एकशेवीस रॉड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या पानावर कौशल्य प्रशिक्षणाच्या छोट्या कोर्सबद्दल पत्रं येत आहेत. एका निवृत्त शिक्षकांना हे कोर्स म्हणजे सरकारी पैशाची उधळण वाटते. दुसरे गृहस्थ म्हणतात, दोन महिन्यांत पोरगं कमवायला लागतं, आणखी काय पाहिजे? दोघांनीही उदाहरण वेल्डिंगचं दिलंय. माझं पोट वेल्डिंगवर आहे, म्हणून राहवलं नाही. नाशिकच्या अंबडला माझं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. ग्रिल, गेट, जिने, पत्र्याच्या शेड आणि हंगामात द्राक्षबागेचे वाय अँगल. मी, पुतण्या आणि एक हेल्पर, एवढाच कारभार.

तीन वर्षांपूर्वी आषाढात पेठ तालुक्यातला एक पोरगा दुकानावर आला. वीस-एकवीसचा असेल. प्लॅस्टिकच्या फोल्डरात सर्टिफिकेट, त्यावर फोटो, शिक्का, सगळं व्यवस्थित. "नाना, दोन महिन्यांचा कोर्स केलाय. वेल्डिंग येतं मला." म्हटलं, ये आत, दोन टाके मारून दाखव.

खरं सांगतो, पहिल्या पाच मिनिटांत त्यानं मला लाजवलं. होल्डरला (वेल्डिंगचा रॉड धरायची मूठ) हात लावायच्या आधी त्यानं चामड्याचे हातमोजे मागितले. अर्थिंगचा क्लॅम्प टेबलाच्या पायाला लावलेला होता, तो काढून थेट जॉबला, म्हणजे जोडायच्या लोखंडाला, लावला. कोपऱ्यात थिनरचा डबा होता, तो उचलून बाहेर ठेवला. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप दिसल्यावर "नाना, जस्ताचा धूर होईल, शटर पूर्ण उघडू का?" म्हणाला. मी पंचवीसेक वर्षं जस्ताचा धूर खाल्लाय. रात्री अंगात कणकण यायची, ती कशानं हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. लोक हवा बदलली म्हणायचे, मीही तेच म्हणायचो.

मी शिकलो १९९४ साली, नाशिकमधल्याच द्वारकेजवळच्या एका वर्कशॉपमध्ये. पहिले आठ महिने चहा आणणं, रेडऑक्साइडचा रंग मारणं, वितळून जोडात भरणारे रॉड मोजून देणं आणि उस्तादानं केलेल्या जोडावरचं स्लॅग, म्हणजे वर जमलेली खपली, चिपिंग हातोडीनं काढणं. होल्डर हातात नाही. मी शिकलो असतो तर शेजारच्या दुकानात पन्नास रुपये जास्त घेऊन गेलो असतो, हे उस्तादाला पक्कं माहीत होतं. हेल्मेट नव्हतं, काळी काच हातात धरायची, तीही उस्तादाची झाली की. एकदा दिवसभर उघड्या डोळ्यांनी टाके बघितले आणि रात्री डोळ्यांत मूठभर वाळू ओतल्यासारखं झालं. आई रात्रभर बटाट्याचे काप डोळ्यांवर ठेवत बसली होती. 'पूर्वी कसे गुरूच्या पायाशी बसून शिकायचे' असं ज्यांना फार गोड वाटतं, त्यांनी तशी एक रात्र काढून बघावी.

पण त्या आठ महिन्यांत माझ्या नकळत एक गोष्ट झाली. रोज शेकडो जोडांवरची खपली काढून काढून मला जोड वाचता यायला लागला. चांगल्या जोडाची खपली दोन टोल्यांत अख्खी सुटते. वाईट जोडाची कोपऱ्यात चिकटून बसते, काढली की खाली काळी रेघ दिसते. उस्तादानं ते शिकवलं नाही, शिकवायचा त्याचा विचारही नसावा. हातोडीनंच शिकवलं.

आता त्या पोराचं पुढचं सांगतो. त्यात चूक माझी आहे, हे आधीच कबूल करतो.

त्याची बीड, म्हणजे वेल्डिंगची रेघ, दिसायला फार देखणी. एकसारख्या लहरी, कुठे खड्डा नाही. त्या वेळी दिंडोरी तालुक्यातल्या एका बागाईतदाराची वाय अँगलची मोठी ऑर्डर होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: बागेत उभ्या खांबाला वर दोन तिरके हात जोडलेले असतात, त्या हातांवरून तारा जातात आणि तारांवर वेल चढतो. माल भरला की वजन येतं ते त्या दोन जोडांवर. पोरानं साधारण चाळीस नग केले. मी वरून बघितलं, रंग मारला, गाडी भरून दिली.

फेब्रुवारीत फोन आला. दोन खांबांचे हात जोडातून उघडले होते. एका ओळीचा माल कलून शेजारच्या तारांवर आला होता, त्यांनी बांबूचे टेकू दिले होते. मी मशीन टेम्पोत टाकून गेलो. तुटलेला हात उचलून बघितला आणि तोंडात मारल्यासारखं झालं. धातू नुसता वर बसलेला, आत पकड नाही. अँगलची मूळ कड जशीच्या तशी शाबूत. पोळीला तूप लावावं तसं त्यानं वेल्डिंग 'लावलं' होतं.

पोराला विचारलं, मशीन किती अँपिअरवर ठेवतोस? म्हणाला, ऐंशी. ३.१५ एमएमचा रॉड आणि पाच एमएमचा अँगल, तिथं शंभर-एकशेदहा तरी पाहिजे. ऐंशी का? तर कोर्समध्ये पातळ पट्टीवर शिकवायचे आणि मशीनच्या करंट कमी-जास्त करायच्या नॉबला हात लावायचा नाही, असा नियम होता. नॉब सरांनीच लावून दिलेला असायचा. दोन महिन्यांत त्यानं एकदाही नॉब फिरवला नव्हता. करंट चुकीचा असू शकतो हेच त्या पोराला माहीत नव्हतं, मग तो आवाज काय ओळखणार? बरोबर करंटवर भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. कमी असला की फोडणीसारखं तडतड-थांब, तडतड-थांब होतं. पण हे कळायला आधी कमी-जास्त करून बिघडवायला मिळालं पाहिजे.

परतीच्या वाटेवर टेम्पोत मी त्याच्याकडून हिशेब काढून घेतला. तुकडीत तीस पोरं. मशीन तीन, त्यातलं एक बहुतेक बंद. रोज चार तास वर्ग, त्यातले दोन तास प्रात्यक्षिक. सकाळी हजेरीचा अंगठा लागला पाहिजे यावर सगळ्यांचा डोळा. एका पोराच्या वाट्याला दिवसाला किती रॉड? "दोन. कधी एकच." ३.१५चा एक रॉड मिनिट-सव्वा मिनिटात संपतो. साठ दिवस धरले तर फार तर एकशेवीस रॉड. माझ्याकडे काम असलं की नवीन पोरगंसुद्धा दिवसाला चाळीस जाळतं. म्हणजे दोन महिन्यांचा कोर्स आणि माझ्या दुकानातले तीन दिवस सारखेच. आणि एकशेवीस रॉड म्हणजे वजनाला साडेतीन-चार किलो, माझ्या खरेदीच्या भावानं चार-पाचशे रुपयांचा माल. इमारत, बॅनर, अंगठ्याचं यंत्र, उद्घाटनाचे नारळ, सगळ्याला पैसे होते. काटकसर झाली ती रॉडात.

म्हणून हे कोर्स बंद करा असं मात्र मी म्हणणार नाही, कारण मी स्वतः एक दहा दिवसांचा कोर्स केलाय आणि आज त्यावर घर चालतं. २०११ साली वाइनरी आणि डेअरीवाल्यांची स्टेनलेसची कामं इकडे वाढली होती. मला टिग, म्हणजे आर्गॉन गॅसच्या आवरणात करायचं वेल्डिंग, येत नव्हतं. आठ हजार रुपये भरले आणि तेवीस वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसलो. आर्गॉनचा प्रवाह किती ठेवायचा, टंगस्टनच्या काडीला टोक कसं काढायचं, ते वितळलेल्या धातूला टेकलं की काय सत्यानाश होतो, पाइपच्या आतून गॅस सोडला नाही तर जोड आतल्या बाजूनं जळक्या साखरेसारखा काळा दाणेदार का होतो, हे सगळं दहा दिवसांत डोक्यात बसलं. कारण वितळलेला धातू कसा वाहतो हे डोळ्यांना सतरा वर्षं पाठ होतं. उजवा हात शहाणा होता, फक्त डाव्या हाताला फिलर, म्हणजे जोडात भरायची तार, धरायची शाळा घालायची होती. माझ्या शेजारी बसलेल्या कोऱ्या पोरांना त्याच दहा दिवसांत काय मिळालं? सर्टिफिकेट. तेच, जे मला मिळालं. हीच गोष्ट मला खटकते.

घरातलंच आणखी एक उदाहरण. बायकोनं तीन महिन्यांचा शिवणक्लास केला. नंतर वर्षभर बहिणींचे ब्लाऊज मुंढ्यात बिघडवले, तेव्हा कुठे बाहेरचं गिऱ्हाईक घ्यायची हिंमत झाली. बहिणी होत्या म्हणून भागलं.

१७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना घ्या. लोहार, सुतार, गवंडी, कुंभार, शिंपी असे १८ व्यवसाय. पायाभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचं, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांना १५ हजारांपर्यंत, पुढे ५ टक्क्यांनी कर्ज. पाच दिवसांत कुठे सुतार होतो का, म्हणून चहाच्या टपरीवर लोक हसतात. अहो, ती योजना सुतार 'होण्यासाठी' नाहीच, जो आधीपासून रंधा मारतोय त्याच्यासाठी आहे. त्याला नवीन अवजार दाखवा, मोजमाप दाखवा, बँकेचा फॉर्म भरून द्या, पाच दिवस पुरतात. कोऱ्या पोराची गोष्ट वेगळी. त्यासाठी आयटीआयमध्ये वेल्डरला एक वर्ष आणि फिटर-टर्नरला दोन वर्षं ठेवलीत, ती काही उगाच नाहीत. आणि आयटीआयवालासुद्धा पहिल्या महिन्यात माझा रॉड चिकटवतोच.

मग ज्याला वर्षभर परवडत नाही, घरी पैसे लागतात, त्यानं काय करायचं? कोर्स करावा आणि लगेच एखाद्या दुकानात बसावं. इथं घोडं अडतं. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणं बंधनकारक, ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. आम्ही तिघं. म्हणजे आम्ही हिशेबातच नाही. (बायकोला कामावर दाखवलं तर चार होतील, ती तयार नाही.) आता सिडको-अंबड-सातपूरच्या गल्ल्यांतून चक्कर मारा. ग्रिलवाले, मोटर रिवाइंडिंगवाले, लेथवाले, निम्मी दुकानं दोन-तीन माणसांची. हात जिथं बसतो ती जागा हीच आणि कायद्याच्या लेखी ती जागाच नाही.

माझं मागणं एवढंच आहे. कोर्सला जोडून तीन महिने अशा छोट्या दुकानात काढायची सोय करा, विद्यावेतनाचा काही भाग सरकारनं द्यावा. आम्ही दुकानदार काही संत नाही, झाडू आणि चहाच सांगू, मीही सांगितलाय. म्हणून रोज किती रॉड जाळले त्याची वही ठेवायची सक्ती करा. आणि शेवटची परीक्षा मोबाइलवरच्या प्रश्नांची नको. पोरानं स्वतः नॉब लावून दोन पट्ट्यांचा जोड करावा, मग तो व्हाइसच्या पकडीत धरून हातोड्यानं मोडावा आणि आत बघावं. बॉयलरचं वेल्डिंग करणाऱ्याचे जोड असेच कापून-वाकवून तपासतात, त्याशिवाय बॉयलरला हात लावू देत नाहीत. गेट आणि जिन्याला मात्र कुणीही चालतो. त्याच जिन्यावरून पोरंबाळं शाळेत जातात.

दिंडोरीचे ते चाळीस नग आम्ही दोन दिवस बागेत राहून पुन्हा केले, फुकट. पोरगा बरोबर होता. तो अजून माझ्याकडेच आहे आणि त्याचे जोड आता पुतण्यापेक्षा चांगले आहेत (हे पुतण्यानं वाचू नये). परवा एक नवीन पोरगं फोल्डर घेऊन आलं. मी काही बोलायच्या आत यानंच त्याला दोन पट्ट्या दिल्या, जोड करायला लावला, व्हाइसमध्ये धरला आणि मोडला. आतून निम्मा काळा.

"नॉब कुणी लावला होता तुझा?" यानं विचारलं.

"सरांनी," ते म्हणालं.

आपला,
अंबडचा एक फॅब्रिकेशनवाला, नाशिक

(नाव-पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, कृपया छापू नये. आणखी बऱ्याच बागांत माझे वाय अँगल उभे आहेत, लोक उगाच घाबरतील.)