पुडीतली बारीक पांढरी गोळी

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कापसाची वेचणी लागली की आमच्या आर्वी तालुक्यातल्या खेड्यांत कंबर-गुडघ्यांच्या दुखण्यावर कागदाच्या पुडीतून सुट्या गोळ्या दिल्या जातात. माझ्या आईने अशा पुड्या चार वर्षे घेतल्या. दोन दिवसांत उतार पडायचा, गालही भरले होते, त्यामुळे शेजारणी ‘तब्येत सुधारली’ म्हणत. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी पाण्याचा गुंड उचलताना तिच्या पाठीत कळ आली ती आजतागायत आहे. एक्स-रेत एक मणका चेपलेला निघाला आणि त्याच्या वरचा कधीतरी आधीच दबलेला होता. फळीवरचा डबा हाताला येत नाही, ही तिची वर्षभराची तक्रार मणके दबून उंची घटल्यामुळे होती, ते त्या दिवशी उमगले.

तिच्या एका पुडीत पट्टीचा कापलेला तुकडा सापडला. त्यावर ‘बीटामेथासोन 0.5 मिलिग्रॅम’ असे छापलेले होते. हे स्टेरॉइड आहे. आकडा लहान दिसतो, पण ही मात्रा प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडच्या सुमारे 4 मिलिग्रॅमच्या बरोबरीची आहे, आणि रोज 2.5 मिलिग्रॅमहून अधिक प्रेडनिसोलोन तीन महिने घ्यायचे असेल तर हाडांची काळजी सुरुवातीपासूनच घ्यावी लागते, कारण स्टेरॉइडमुळे नवे हाड घडवणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, लघवीवाटे जास्त जाते, आणि ही झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते निकामी होण्याचा धोका निराळाच.

दमा, संधिवात यांसारख्या आजारांत हेच औषध जीवनदायी ठरते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र तेथे डॉक्टर मात्रा ठरवतात, सोबत कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व देतात आणि गरजेनुसार हाडांची घनता तपासतात. पुडीत यातले काहीच नसते. शिवाय बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करणेही घातक असते. आईने घाबरून सगळ्या पुड्या चुलीत टाकायला काढल्या होत्या. डॉक्टरांनी तिला थांबवून मात्रा हळूहळू उतरवली.

या गोळ्या अनुसूची ‘एच’मध्ये असून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. औषध प्रशासनाने आठवडी बाजाराच्या गावांतही तपासणी करावी. गोळी सुटी न देता नाव दिसेल अशा पट्टीसह द्यावी आणि आशाताईंनी घरभेटीत रक्तदाब-साखरेबरोबर पुडीचीही विचारपूस करावी. हाडांची घनता तपासण्यासाठी आम्हाला नागपूर गाठावे लागले. जिल्हा रुग्णालयात ती सोय झाली, तर वेचणीची मजुरी बुडवून जाणे ज्यांना परवडत नाही त्या बायकाही तपासून घेतील.

आपला,
एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा